ठिणगीच्या वायरी आणि आमची मोळी



या पानावर आजवर आपण पाण्याची मोटर, ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक, ट्रॉलीची बेअरिंगे अशा घरच्याच गोष्टी पाहिल्या. या वेळचा विषय जरा लांबचा आहे. अमेरिकेतल्या एका जुन्या स्पोर्ट्स कारच्या प्लगच्या वायरी बदलायच्या कशा आणि कुठून कशा न्यायच्या, हा. कोणी म्हणेल, आमच्या दारात ट्रॅक्टर, तो डिझेलचा, त्याला ठिणगीचा प्लगच नाही. आम्हाला काय करायची ती गाडी? म्हणणे बरोबर आहे. पण हा धडा लिहिणे आम्हाला भाग आहे. कारण त्यात एक चूक आहे, ती आमची आहे, आणि ती आम्ही याच वर्कशॉपमध्ये चहा पीत, मोठ्या ऐटीत केली.

झाले असे. आपल्या एका सभासदांचा मुलगा अमेरिकेत मिसुरी राज्यात, सेंट लुईस शहराच्या आसपास नोकरीला आहे. पोरगा लहानपणी सुट्टीत आमच्या वर्कशॉपमध्ये पडलेला असायचा. पाने हातात देता देता अर्धा मिस्त्री झाला. तिकडे चार पैसे जमल्यावर त्याने १९६६ सालची कॉर्व्हेट घेतली. २०२३ च्या दिवाळीला गावी आला तेव्हा गाडीचे फोटो दाखवत म्हणाला, "काका, वायरी सगळ्या कडक झाल्यात, तडे गेलेत. परत गेलो की बदलतो. काही सांगायचं असेल तर सांगा."

आम्ही सांगितले. आमचा सगळा अनुभव पेट्रोल जीपचा. चार सिलिंडर, चार वायरी. आम्ही म्हणालो, "बाबा, वायरी लोंबत ठेवायच्या नाहीत. उसाची मोळी बांधतो तशी जुडी करायची आणि दर चार बोटांवर पट्टी मारायची. इंजिन कसं सोज्वळ दिसलं पाहिजे."

त्याने तसेच केले. फोटो पाठवला. चार इकडे, चार तिकडे, दोन सुबक जुड्या. आम्ही शाबासकी दिली.

आधी गाडी समजून घेऊ

कॉर्व्हेट ही शेवरोले कंपनीची दोन माणसांची गाडी. १९५३ साली मिशिगन राज्यातल्या फ्लिंट येथे पहिल्या ३०० गाड्या झाल्या, सगळ्या पांढऱ्या. पुढे १९५४ पासून १९८१ पर्यंत ती सेंट लुईसला बनत असे, आणि त्यानंतर केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीनला. म्हणजे आपल्या पोराची गाडी ज्या शहरात जन्मली, तिथेच आसपास ती आजही फिरते आहे. १९६६ साली अशा २७,७२० गाड्या तयार झाल्या.

हिची एक गंमत ध्यानात ठेवावी. हिचे अंग पत्र्याचे नाही, काचेच्या तंतूंनी मजबूत केलेल्या प्लॅस्टिकचे आहे. आपण फायबर म्हणतो ते. गंज नाही ही चांगली गोष्ट. पण पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंगचे काम करते, बॉनेटचा पत्रा इंजिनाची विजेची खरखर आत दाबून धरतो, हे दोन्ही इथे नाही. ठिणगी पडली की रेडिओ कडकडतो. म्हणून रेडिओ असलेल्या कॉर्व्हेटला कंपनीने डिस्ट्रिब्युटरवर आणि वायरींवर धातूची झाकणे बसवली, त्यांना अर्थिंगच्या विणीव पट्ट्या दिल्या, आणि वायरी इंजिनाच्या मागून खाली उतरवून एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या खालून पुढे नेल्या. ज्याने गाडी रेडिओशिवाय घेतली त्याला ही झाकणे मिळालीच नाहीत. आणि ज्याला मिळाली त्याच्या पुढच्या मालकांपैकी कोणीतरी कंटाळून ती काढून टाकली, असे पुष्कळ गाड्यांचे झाले. आपल्या पोराच्या गाडीचेही तेच. झाकणे गायब, वायरी वरून, व्हॉल्व्ह कव्हरवरून नेलेल्या.

इंजिन आठ सिलिंडरचे, इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन ओळींत. एकूण ३२७ घन इंच, म्हणजे सुमारे ५.४ लिटर. आपल्या जुन्या पेट्रोल जीपचे इंजिन १३४ घन इंचांचे, त्याच्या जवळजवळ अडीचपट. ड्रायव्हरच्या बाजूच्या (तिकडे ती डावी) ओळीत पुढून मागे १, ३, ५, ७ आणि उजव्या ओळीत २, ४, ६, ८. डिस्ट्रिब्युटर मागच्या टोकाला, दोन ओळींच्या बेचक्यात, आणि वरून पाहिले तर रोटर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो.

फायरिंग ऑर्डर

ठिणगी पडण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. हा पाठच करावा. आठही सिलिंडरची एक फेरी क्रँकच्या दोन फेऱ्यांत पुरी होते, म्हणजे दर पाव फेरीला एक ठिणगी. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे मारत असेल तर सेकंदाला २०० ठिणग्या.

आता हा क्रम हातात घेऊन दोन ओळींशी ताडून बघा. १ नंतर ८, समोरच्या ओळीत मागे. ८ नंतर ४, ओळ तीच पण मध्ये ६ आहे. ४ नंतर ३, पलीकडे. असे करत या. एकच जोडी अशी सापडेल की जी एका ओळीत अगदी खांद्याला खांदा लावून बसली आहे आणि जिच्यात ठिणगीही एकीनंतर लगेच दुसरीची आहे. ती ५ आणि ७. कॅपवरही या दोघींची भोके शेजारी, कारण पाळी शेजारची. म्हणजे या दोन वायरी निघतात शेजारून आणि पोचतातही शेजारी. सरळसाध्या माणसाला वाटणार, चला, दोघींना जोडीनेच नेऊ. आम्हीही तेच सांगून बसलो होतो.

आकडा न टाकता चोरी

कॉइल बॅटरीच्या बारा व्होल्टचे वीस हजारांच्या आसपास व्होल्ट करते. हा दाब वायरीत फार थोडा वेळ असतो, पण तो एकदम चढतो आणि एकदम पडतो. असा झटका एका वायरीतून गेला की लगत चिकटून चाललेल्या दुसऱ्या वायरीतही थोडा झटका उठतो. ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन गुंडाळ्या एकमेकींना न शिकता, न चिकटता वीज देतात त्याच जातीचे हे. गावात तारेवर आकडा टाकून वीज घेणारे महाभाग आपल्याला ठाऊक आहेत; इथे आकडासुद्धा लागत नाही. आणि वायरी जितका वेळ समांतर चालतील तितकी चोरी जास्त. वायर कोरी करकरीत असली, आवरणाला एकही तडा नसला, तरी हे होते. म्हणून "वायरी नव्या आहेत, दोष त्यांत नाही" हे म्हणणे इथे चालत नाही.

५ नंबरच्या वायरीत पाच नंबरची ठिणगी निघाली की ७ नंबरच्या वायरीत असा चोरटा झटका उठतो. त्या घडीला ७ नंबरचा पिस्टन कुठे असतो? मिश्रण आत घेऊन झाले आहे, झडपा मिटल्या आहेत, आणि पिस्टन नुकता वर यायला लागला आहे. ठिणगी जर वरच्या टोकाच्या तीस अंश आधी पडायची असेल, तर ही चोरटी ठिणगी एकशेवीस अंश आधी पडते. मिश्रण अजून दाबले गेलेले नाही, त्यामुळे थोड्याशा दाबावरही ठिणगी फट ओलांडते. कमी दाबाच्या हवेत ठिणगीला कमी व्होल्ट पुरतात, हा नियम इथे आपल्याच विरुद्ध उलटतो.

मग काय होते? आग लागली, वायू फुगू लागला, पिस्टन मात्र वर येतोच आहे. बैलजोडी चढावर गाडी ओढते आहे आणि समोरून कोणी जू मागे रेटतो आहे, असे समजा. डोक्यावर हातोडा पडल्यासारखा आवाज येतो. पिस्टनच्या रिंगा ज्या खाचांत बसतात त्या खाचांचे काठ आधी जातात.

आमच्या जीपला हे का झाले नाही, असे विचाराल. तिचा क्रम १-३-४-२. तिथेही ३ आणि ४ शेजारी, शिवाय २ नंतर १ तेही शेजारी. पण चार सिलिंडरमध्ये दोन ठिणग्यांत अर्धी फेरी जाते, तेव्हा शेजारचा पिस्टन तळाशी असतो. आणि वायरी वीतभर लांबीच्या. आम्हाला त्याचा त्रास कधी जाणवला नाही. जे जाणवले नाही ते नाहीच, असे आम्ही धरून चाललो.

पोराचे काय झाले

गाडी उभी असताना छान. गल्लीत छान. हमरस्त्यावर पाय दाबला की मिसिंग, आणि चढाला लागली की टकटक. फोनवरून आवाज ऐकवला. आम्ही म्हणालो, पेट्रोल वाईट असेल. त्याने जास्त ऑक्टेनचे पेट्रोल भरले. तिकडच्या बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, मक्यापासून केलेले; आपल्याकडे उसाच्या मळीपासून आणि रसापासून होते, आणि २०२५ मध्ये ते प्रमाण वीस टक्क्यांवर गेले, हे आपण जाणताच. त्याचे वडील म्हणाले, "मक्याचं आहे म्हणून टकटकतंय, उसाचं घाल." सगळे हसलो. खरे तर इथेनॉलने टकटक वाढत नाही, कमीच होते. त्याचा ऑक्टेन शंभराच्या वर आहे. मग टायमिंग मागे घेतले. आवाज थोडा मवाळ झाला, आणि आम्हाला वाटले जमले. तो सुधार नव्हता. नुसते वरून झाकण बसले.

असे दोन-अडीच आठवडे गेले. शेवटी त्याने तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्र्याला बॉनेट उघडून दाखवले. त्याने पाना हातात घेतला नाही. खिशातून चाकू काढला आणि डाव्या जुडीच्या पट्ट्या कापल्या.

७ नंबरचा प्लग काढला तर पांढऱ्या चिनी मातीवर बारीक चकाकते ठिपके होते. तो पिस्टनचा ॲल्युमिनियम. त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन बाकीच्या सातांपेक्षा खूप खाली आले होते. इंजिन उघडावे लागले. एक पिस्टन गेला. खर्च किती आला, आम्ही दोनदा विचारले. त्याने सांगितला नाही. "राहू द्या काका," एवढेच म्हणाला.

काम कसे करावे

आता नीट सांगतो. इंजिन थंड असावे आणि बॅटरीचे निगेटिव्ह टोक सुटे करावे. सगळ्या वायरी एकदम काढू नयेत. एक जुनी काढायची, एक नवी बसवायची, मग दुसरी. आठही सुटल्या आणि मनात क्रमाचा घोळ झाला की दिवस गेला. तरीही आधी कागदावर कॅपचे चित्र काढून नंबर घालावेत, किंवा फोटो काढावा.

झाकणे असतील तर ती उतरवताना घाई नको. १९७४ पर्यंतच्या कॉर्व्हेटला टॅकोमीटरची केबल डिस्ट्रिब्युटरमधूनच निघते, ती मोडायला वेळ लागत नाही.

वायर ओढायची ती तिच्या रबरी टोपीला धरून, अर्धा पीळ देऊन. वायरीला धरून हिसका देऊ नये. या वायरींत तांब्याची तार नसते, कार्बन भरलेला तंतू असतो, तो आत तुटतो आणि बाहेरून काही दिसत नाही. मोटरसायकलवाल्या सभासदांनीही हे ध्यानात घ्यावे, तिथे एकच वायर असली तरी. मग तुटलेल्या जागी आतल्या आत ठिणगी पडत राहते आणि वायर आतून जळत जाते. काही जण म्हणतात, तांब्याची घाला, चांगली टिकते. टिकते खरी, पण फायबरच्या गाडीत मग रेडिओ विसरा.

नवी वायर जुनीशेजारी धरून लांबी बघावी. डिस्ट्रिब्युटर मागे असल्याने १ आणि २ नंबरच्या सर्वांत लांब. प्रत्येक नवी वायर मीटरवर तपासावी. फुटाला काही हजार ओहम येणे हे या कार्बनच्या वायरीला शोभते. सारख्या लांबीच्या दोन वायरींत फार तफावत आली किंवा मीटर हललाच नाही, तर ती वायर परत करावी. नवीन माल म्हणजे चांगला माल, असे नाही. प्लग काढलेलेच आहेत तर त्यांची फट ०.०३५ इंच, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर करून घ्यावी. पॉइंटवाल्या या इंजिनाला ती योग्य. टोपीत आतून सिलिकॉन ग्रीसचे बोट फिरवावे, म्हणजे पुढच्या वेळी ती प्लगला चिकटून फाटणार नाही. टोक बसले की हाताला टक् असे कळते. ते कळले नाही तर बसले नाही.

आता वायरी न्यायच्या कुठून. उष्णता पहिली. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला वायर किंवा टोपी टेकता कामा नये. निदान बोटभर अंतर राहावे. पंखा, पट्टा, थ्रॉटलचा दांडा, स्टीअरिंगचा दांडा यांच्या वाटेत नको. आणि वायर ताठ ओढू नये. पाय दाबला की इंजिन आपल्या रबरांवर एका अंगाला झुकते, तेवढा ढील तिला हवा.

५ आणि ७ लगत नेऊ नयेत. ओळीत लावायच्या असतील तर दोघींमध्ये ३ नंबरची घालावी. दोघींत इंचभराहून जास्त मोकळी जागा सलग ठेवावी. कुठे एकमेकींना ओलांडावेच लागले तर काटकोनात ओलांडावे, कारण काटकोनात समांतर चाल उरत नाही. वायरी वेगळ्या धरणाऱ्या खाचांच्या प्लॅस्टिक पट्ट्या मिळतात, त्या वापराव्यात. साध्या पट्टीने आवळून बांधू नये. कॉइलची मधली वायरही या घोळक्यात कोंबू नये. थोडक्यात वायरी जरा विस्कटलेल्याच दिसतात. दिसू द्याव्यात.

झाकणे असतील तर ती परत चढवून अर्थिंगच्या पट्ट्या पक्क्या कराव्यात. अर्थिंग सुटलेले झाकण म्हणजे नुसता दागिना. रेडिओच्या दृष्टीने ते असून नसल्यासारखे. (ज्यांना गाडी अगदी कारखान्यातून निघाली तशी हवी असते असे शौकीन तर वायरीवर छापलेले वर्ष आणि तिमाहीसुद्धा जुळवतात. अशा जीर्णोद्धारवाल्यांची एक संस्था तिकडे १९७४ पासून आहे, आणि तिचे परीक्षक बॅटरी घेऊन हे अंक वाचतात म्हणे. आमच्या मते हा शौक आहे, मिस्त्रीकाम नाही. पण शौकालाही मान द्यावा.)

सगळे झाले की अंधारात गाडी मोकळ्या जागेत चालू करावी. बंद गॅरेजमध्ये नको, धुराने माणूस जातो. फवाऱ्याने वायरींवर अगदी बारीक तुषार सोडावेत आणि लांबून बघावे. निळी चमक इकडून तिकडे खेळताना दिसली तर त्या जागी गळती आहे. हात आत घालू नये, आणि ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवला आहे त्यांनी चालू इंजिनाजवळ जाऊच नये. मात्र एक लक्षात ठेवावे, ५-७ ची चोरी या परीक्षेत दिसेलच असे नाही. ती आवरण फोडून होत नाही. ती रस्त्यावर, चढावर, पाय दाबल्यावर कळते, किंवा वायरींची मांडणी डोळ्यांनी बघून.

नव्या पेट्रोल गाड्यांत ही भानगड बहुतेक संपली आहे. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची कॉइल असते, लांब वायर नाहीच.

आपल्या वर्कशॉपमध्ये जुनी पेट्रोल जीप अजून उभी आहे. तिच्या चार वायरींना आम्हीच आवळलेली मोळी होती. मागच्या आठवड्यात आम्ही ती सोडली आणि वायरी सुट्या करून ठेवल्या. पोराला फोटो पाठवला. त्याचे उत्तर आले, "काका, दोन नंबरची टोपी नीट बसली नाहीये." जाऊन पाहिले. खरेच बसली नव्हती.